ज्याला दाखल करायचं, त्याचं कोण ऐकतं?

‘मॅडम, दादाले दाखल करा लागते, कागद बनवून द्या.’ नागपूरच्या गांधीबागेतल्या माझ्या ऑफिसात एका कापड दुकानदाराचा धाकटा भाऊ सांगत होता. दादा रात्ररात्र जागतात, जेवत नाहीत, हिशेबाच्या वह्या फाडतात. ‘दादांशी बोललात?’ मी विचारलं. ‘त्यायले काय विचारायचं?’

कायदा आधी त्यांनाच विचारा म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७चा, २९ मे २०१८ पासून लागू. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. नुसतं विचित्र वागणं पुरत नाही. स्वतःला वा दुसऱ्याला इजेचा धोका, किंवा स्वतःची देखभालही न करता येणं दिसावं लागतं. मुदत ३० दिवसांची. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. मंडळात न्यायाधीश, डॉक्टर आणि आजार सोसलेली माणसंही असू शकतात. रुग्णाने हरकत घेतली तर निकाल ७ दिवसांत, वकील मोफत, पुढे उच्च न्यायालय.

मला खुपतं ते प्रतिनिधीचं. रुग्णाने कुणाला नेमलं नसेल तर सहसा नातेवाईकच त्याचा प्रतिनिधी ठरतो आणि दाखल करण्याचा अर्जही तोच करतो. दोघा भावांत दुकानाची वाटणी अडली असेल तर? प्रतिनिधी बदलून मागता येतो, पण औषधाच्या गुंगीतला माणूस अर्ज लिहिणार कसा? म्हणून मंडळाने फायलीवर भागवू नये. माणसाला समोर बसवावं, त्याच्या भाषेत विचारावं, वेळ द्यावा. एकदा आत गेल्यावर बरी झालेली माणसंही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहतात, हा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टींना जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला. छिंदवाडा रोडवरच्या १८६४ सालच्या आपल्या मनोरुग्णालयाला नागपूरकर अजून पागलखाना म्हणतात. तिथे कुणाला पाठवताना घरचेच त्याचं म्हणणं विचारत नाहीत.

दादा पुढच्या आठवड्यात बहिणीसोबत आले. उपचार त्यांना हवेच होते, फक्त भावाच्या सहीने नको होते. मी साधा कागद पुढे केला. त्यावर त्यांनी बहिणीला प्रतिनिधी नेमलं आणि सही केली. मुद्रांकाचा कागद लागत नाही, सही जमत नसेल तर अंगठाही चालतो. तब्येत ठीक असतानाच ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं नाव लिहून त्याची संमती घ्यावी, एक प्रत डॉक्टरांकडे द्यावी.