वसईचे फोटो काढायचे तर पंचांग हवं

वसईचा किल्ला म्हटलं की हल्ली आधी प्री-वेडिंगची जोडपी आठवतात. लांबलचक झगा, रंगीत धूर, मागे कुठलंसं पडकं चर्च. इतक्या देखण्या जागेचा निव्वळ पडदा करून टाकणं हा मला करंटेपणा वाटतो.

१५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा पंथांनी तटाच्या आत आपापली चर्चं बांधली. आज त्यांतल्या बहुतेकांना छप्पर नाही. त्यामुळे दुपारचं ऊन थेट आत आपटतं आणि फोटोत भिंती नुसत्या पांढऱ्याफटक येतात. म्हणून सकाळीच जावं. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिला आहेत, पावसाने आणि पायांनी झिजलेल्या. भर उन्हात त्यांवरचं काही वाचता येत नाही. पण भिंतीवरून पहिलं ऊन तिरपं उतरतं तेव्हा एकेका खाचेत सावली भरते आणि अक्षरं उठून दिसतात. तेवढी पंधरावीस मिनिटं कॅमेरा जमिनीलगत धरून बसायचं. फ्लॅश अजिबात नको, त्याने अक्षरं पुन्हा सपाट होतात.

किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा फोटो काढताना बहुतेक जण जवळ उभं राहून कॅमेरा वर उचलतात. मग मनोरा मागे कललेला दिसतो. चार पावलं मागे सरा, कॅमेरा सरळ धरा. मनोरा म्हटला की घंटा आठवतात: वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आजही दिसतं. वसईचा फोटो आणि त्या घंटेचा फोटो शेजारी लावले तर अर्धा इतिहास न लिहिता सांगून होतो.

संध्याकाळ समुद्रासाठी राखावी. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पाणी नेमकं सूर्यास्ताच्या सुमारास ओसरलेलं असतं, आणि ओल्या वाळूवर आभाळाचे सगळे रंग उतरतात. अष्टमीला त्याच वेळी गेलात तर ती वाळू पाण्याखाली असते. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपपेक्षा मला कालनिर्णयच अधिक कामाचं वाटतं.

किनाऱ्याचं रूप महिन्यागणिक बदलतं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या. पाऊस सरला की कोळीवाड्यांत मासे वाळवायच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील लटकतात. मागून सूर्य असेल तर ओला बोंबील काचेसारखा आरपार दिसतो.

किल्ल्याबाहेरची चर्चं मात्र नांदती आहेत. तिथे मराठीतून मिस्सा होते, नाताळात गोठे सजतात. पापडीच्या चर्चसमोरून कॅमेरा घेऊन नुसतंच पुढे जाणं म्हणजे वसई अर्धीच पाहणं.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा असेल तर आधी परवानगी काढा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीत ठेवा. आणि वलांडीजवळच्या मावशींचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.