फ्रीजच्या पोटातला हीटर

फ्रीजमध्ये हीटर असतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास बसेल? दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये तो खरोखरच असतो, फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड लपलेला. गारवा देणाऱ्या यंत्रात त्याचं काय काम? आधी बर्फाचीच चौकशी करू.

फ्रीजरच्या भिंतीवर पांढरा, भुसभुशीत बर्फ धरतो. तिथे पाणी कुणी ओतलं? कुणीच नाही, ते हवेतून आलं. दार उघडलं की खोलीतली हवा आत शिरते, आणि हवेत पाण्याची वाफ असतेच. आतल्या गार नळ्या शून्य अंशाच्या कितीतरी खाली असतात. वाफ त्यांना टेकली, की मध्ये पाणी न होता थेट हिमकण होऊन चिकटते! म्हणून तर कोकणात पावसाळ्यात बर्फ भराभर वाढतो.

हा बर्फ स्वतः गार, पण फ्रीजला मात्र गार होऊ देत नाही. त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते आणि ती उष्णतेला सहजी वाट देत नाही. नळ्यांनी जणू गोधडीच पांघरलेली असते. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये तर नळ्यांभोवतीच्या फटी बुजतात, पंख्याची गार हवा खाली पोचत नाही. वर आइस्क्रीम टणक आणि खाली दूध नासलेलं!

म्हणून हीटर. अधूनमधून कॉम्प्रेसर थांबतो, हीटर थोडा वेळ तापतो, बर्फ वितळतो. ते पाणी बारीक नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं वाळून जातं. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बहुधा हीटर नसतो. तिथे थर जाड होण्याआधी आपणच डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं.

आता तपास. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय? बहुतेक ती बारीक नळी तुंबली असणार. कोथिंबिरीचं एखादं पानही त्याला पुरतं. बर्फच फार धरत असेल, तर दाराचं रबर तपासा, आणि हा प्रयोग मला फार आवडतो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर घट्ट आहे, अलगद निसटली तर तिथूनच ओली हवा आत घुसतेय. चारही बाजू तपासा, कोपरे तर नक्कीच. पुष्कळदा रबराच्या घडीत नुसता मळ असतो, साबणाच्या पाण्यानं पुसला की झालं. हे सगळं ठीक असूनही बर्फ हटत नसेल, तर हीटर किंवा त्याला वेळ सांगणारा भाग बिघडला असेल. तिथे मेकॅनिकच हवा.

आणि कितीही घाई असली, तरी सुरीनं बर्फ खरवडायचा नाही! फ्रीजरची भिंत पातळ असते. भोक पडलं की नळ्यांमधला गारवा आणणारा गॅस उडून जातो, आणि आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा असतो. घरातल्या मोठ्यांना प्लग काढायला सांगा, दार उघडं ठेवा आणि वाट बघा. वाट बघावी लागतेच, कारण 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 1 ग्रॅम पाणी शून्यावरून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापलं असतं.

वितळलेलं पाणी मापाच्या भांड्यात जमवा, आकडा लिहून ठेवा आणि मग पाणी झाडांना घाला. जुलैत एकदा मोजा, डिसेंबरात एकदा, दोन्ही वेळा तेवढ्याच दिवसांचा बर्फ घेऊन.