तेल उसनं मिळत नाही

दिवाळीच्या आगेमागेच २ नोव्हेंबर येतो, मृतांच्या स्मरणाचा दिवस. कबरीवरचं गवत उपटायचं, फुलं वाहायची, मेणबत्ती लावायची. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, याबद्दल कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात जुना मतभेद आहे. पण मेणबत्तीला हाताचा आडोसा धरून उभं राहिलं की दोघांच्याही मनात एकच येतं: उद्या आपल्याला बोलावणं आलं तर?

जालना जिल्ह्याच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यातल्या असईच्या लढाईत मेलेले-घायाळ झालेले हजारोंनी मोजावे लागले. इंग्रजांच्या फौजेत स्कॉटलंडच्या पलटणीही होत्या. पुढे सुमारे साठ वर्षांनी त्याच स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे एक पाळक जालन्यात आले, रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले हे गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले होते. धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्या वाटेनं निघाला होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं, आणि प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं का, यावरून मुंबईत मोठं वादळ उठलं. नारायणरावांचं घर तुटलं ते तुटलंच.

निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंगांच्या सरकारनं दिलेल्या जमिनीवर, जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवलं. बायबलमधला याकोब घरातून पळाला, उघड्यावर दगड उशाला घेऊन निजला आणि त्या जागेला त्यानं बेथेल म्हटलं, म्हणजे देवाचं घर. बेथेलात आलेली बरीच कुटुंबं मांग समाजातली होती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या गावाला हे नाव मिळालं. शेती, शाळा आणि चर्च असा तो संसार होता. मला या नावाइतकं मोठं प्रवचन दुसरं वाटत नाही.

आणि हे गाव उभारणारा माणूस १८९१ साली समुद्रप्रवासात वारला. अखेरच्या घटकेला बेथेलची माती जवळ नव्हती. प्रकटीकरणाच्या पुस्तकात न्यायाच्या दिवसाचं जे दर्शन आहे, त्यात समुद्रही आपल्यातले मेलेले परत देतो. ते वाचताना मला दरवेळी शेषाद्री आठवतात.

तयारी म्हणजे काय, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूनं तीन दाखल्यांतून उलगडलं आहे. पहिल्यात दहा कुमारी वराची वाट बघतात. दिवे दहाही जणींकडे आहेत, जादा तेल पाचजणींकडेच. मध्यरात्री वर येतो, तेव्हा तेल उसनं मिळत नाही. पणतीत तेल घालणाऱ्या हातांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण ते तेल कसलं? अध्यायाच्या शेवटी राजा न्यायाला बसतो आणि भुकेल्याला, तान्हेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला, कैद्याला काय दिलंत, एवढंच बघतो; त्यांना दिलंत ते मलाच दिलंत, असं म्हणतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या गल्ल्यांत टँकरमागे हंड्यांच्या रांगा लागत होत्या. शेजारच्या म्हातारीचा हंडा आपल्याआधी भरू दिला का, इतका साधा तो न्याय आहे.

इथं एक घोळ होतो. सत्कृत्यं साठवून स्वर्ग विकत घ्यायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. तारण कृपेनंच, हे प्रॉटेस्टंट मंडळी आग्रहानं सांगतात आणि ते खरं आहे. पण दाखल्यातल्या नीतिमानांना आपण काही केल्याचं आठवतसुद्धा नाही; ते राजालाच विचारतात, आम्ही कधी तुला पाणी दिलं? हिशेब न ठेवता दिलेलंच तिथं जमेला धरलं जातं. म्हणून भीती घालून माणसं वळवणारी प्रवचनं मला या अध्यायाशी बेइमानी वाटतात.

मराठी मुलखात अशा तयारीचं उदाहरण शोधताना मी पंडिता रमाबाईंच्या केडगावला थांबते. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. आई खचली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिच्या हातात हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल होतं, आणि शेवटची मुद्रितं तपासायची होती. तेवढ्यापुरते दिवस तिनं देवाजवळ मागून घेतले, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली, तेव्हा मुद्रितं तपासून झाली होती.