पन्नाशीत पुन्हा रिंगणात? आधी डोक्याचा विचार करा

जयंतीला महिनाभर राहिला होता. अकोल्याच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासणीसाठी गेलो होतो. विहाराच्या ओट्यावर टेबल मांडले, यंत्र ठेवले, बाया-माणसे येऊ लागली. बाजूच्या कट्ट्यावर मात्र पोरांचा वेगळाच वाद रंगला होता. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत पुन्हा व्हावी की नाही?

“पॅकियाओचा खांदा गेला होता ना बावा तवा. नाही त मेवेदरचं काही खरं नव्हतं.”

“काऊन? तिन्ही पंचायनं मेवेदरलेच जिंकवलं. तू पंचायपेक्षा शहाणा हाय काय?”

“पण आता दोघंही पन्नाशीले टेकले. आता कायची लढत? पैशाचा खेळ हाय नुसता.”

वाद ऐकून आम्हालाही गंमत वाटली. पोरांची माहिती पक्की होती. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये ही लढत झाली. मेवेदर ३८ वर्षांचा होता, पॅकियाओ ३६ वर्षांचा. बारा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी मेवेदरच्या बाजूने कौल दिला. पॅकियाओचा उजवा खांदा आधीच दुखावलेला होता, लढतीनंतर त्याचे ऑपरेशन करावे लागले. तेव्हापासून जगभरचे शौकीन ‘खांदा बरा असता तर’ या एका प्रश्नावर भांडत आहेत. मेवेदर २०१७ मध्ये ५० पैकी ५० लढती जिंकून निवृत्त झाला. पॅकियाओ २०२१ मध्ये थांबला, पण जुलै २०२५ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला आणि मारिओ बारिओसशी त्याची लढत बरोबरीत सुटली. तेव्हा पोरांना वाटले, म्हणजे जमते की!

इथपर्यंत सारे ठीक होते. पण बोलता बोलता एक पोरगा म्हणाला, “मंग आपल्या काकाची अन् अमरावतीवाल्या काकाची लावू ना जयंतीले! त्यायची बी एकेक बरोबरीत हाय.”

कट्ट्यावर एकच गलका झाला. हे काका म्हणजे याच वस्तीतले, ऑटो चालवणारे, वय ५४. तरुणपणी त्यांनी राज्य पातळीपर्यंत बॉक्सिंग केले. अमरावतीचे काका बडनेऱ्याकडचे, वय ५१, आता रखवालदारी करतात. दोघे दोनदा समोरासमोर आले होते. एकदा हे जिंकले, एकदा ते. तिसरी लढत कधी झालीच नाही. पोरांनी तिथेच अमरावतीला फोन लावला. तिकडून आवाज आला, “सांग त्याले, म्या तयार हाय.”

काकांचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्यांना ऑटोवाले नव्हे, बॉक्सर म्हणून हाक मारली होती. हा आनंद खोटा नाही. आम्हाला तो दिसत होता. पण रांगेत उभ्या असलेल्या काकू एवढेच म्हणाल्या, “आधी त्यायचा बीपी पाहा.”

आम्ही पाहिला. वरचा १६८, खालचा १०२. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी फरक पडला नाही. गोळी दोन महिन्यांपासून बंद होती. “बरं वाटते म्हणून सोडली,” काका म्हणाले. खिशात खर्र्याची पुडी होती.

हा लेख त्या संध्याकाळमुळे लिहीत आहोत.

आपल्या वऱ्हाडाला अंग कमावण्याची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या खेळाडूंनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीने तर बॉक्सिंगमध्ये नाव कमावले. तिथे घडलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या अनंता चोपडेने २०१९ मध्ये इंडोनेशियात सुवर्णपदक मिळवले. म्हणून आपल्या वस्त्यांत जुने खेळाडू आहेत आणि त्यांना पाहून हातात ग्लोव्हज घालणारी पोरे-पोरीही आहेत. खेळाला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की पन्नाशीतल्या माणसाच्या डोक्यावर ठोसे पडू द्यायचे का?

डोक्याच्या आत काय होते, ते आधी समजून घेऊ. मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर किंवा कानशिलावर ठोसा बसला की डोके झटक्यात वळते आणि मेंदू आत हिसका खातो. वय वाढते तसा मेंदू थोडा आकसतो. कवटी आणि मेंदू यांच्यातली जागा वाढते. त्या जागेतून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. तरुणपणी ज्या ठोशाने फक्त डोळ्यापुढे काजवे चमकले असते, त्याच ठोशाने पन्नाशीत ही शीर तुटू शकते आणि मेंदूवर रक्त साचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रोजची दारू असेल, तर धोका आणखी वाढतो. हे रक्तही कधी कधी हळूहळू साचते. माणूस घरी चालत येतो, जेवतो, झोपतो आणि त्रास दुसऱ्या दिवशी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो.

“हेडगार्ड घालू, मोठे ग्लोव्हज घालू,” असे पोरे म्हणाली. हेडगार्डने कपाळ-भुवई फुटण्यापासून वाचते, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. ग्लोव्हज तर मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात.

दुसरा धोका हृदयाचा. तीस वर्षे ज्याने तीन मिनिटे सलग ठोसे मारले नाहीत, तो प्रेक्षकांच्या शिट्ट्यांत एकदम पूर्ण ताकद लावतो. हृदयाचे ठोके वाढतात, आधीच चढलेला रक्तदाब आणखी चढतो. तंबाखू, खर्रा आणि मधुमेहाने अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना हा ताण झेपत नाही. छातीत कळ आली तरी लोकांसमोर थांबायला माणूस लाजतो. ही लाजच जिवावर बेतते.

तिसरा धोका उन्हाचा. एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा ४० च्या वर असतो, कधी ४५ ला टेकतो. संध्याकाळीही हवा तापलेलीच असते. इथे एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि आपल्या समाजातही ते आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल त्याने असा जोर करूच नये. जो नुसता वाहक आहे, त्याला एरवी काही त्रास नसतो. पण कडक ऊन, अंगातले पाणी कमी आणि एकदम अतिश्रम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर वाहकही कोसळू शकतो. हे तरुण खेळाडूंनाही लागू आहे. म्हणून मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीची सिकलसेल चाचणी एकदा झालेलीच असावी.

आता त्या मोठ्या नावांकडे पुन्हा पाहू. मुहम्मद अली २ ऑक्टोबर १९८० रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी लॅरी होम्सशी लढायला उतरला. होम्स कधीकाळी त्याच्याच सरावाचा जोडीदार. दहा फेऱ्या अलीने नुसता मार खाल्ला आणि शेवटी त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनीच लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी तो आणखी एकदा लढला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. तो एका लढतीने झाला असे कोणी म्हणणार नाही. पण आयुष्यभर डोक्यावर बसलेल्या मारापैकी शेवटचा मार टाळता आला असता, हे त्याच्या चाहत्यांनाही पटते.

इव्हँडर होलीफिल्ड २०२१ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी पुन्हा उतरला. कॅलिफोर्नियात त्याला परवानगी मिळाली नाही, म्हणून लढत फ्लोरिडात हलवली. पहिल्याच फेरीत पंचांना ती थांबवावी लागली. माइक टायसनची जेक पॉलशी लढत १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. टायसन ५८ वर्षांचा, समोरचा २७ वर्षांचा. ही लढत मुळात जुलैत व्हायची होती. अल्सरमुळे टायसनच्या पोटात रक्तस्राव झाला, म्हणून ती पुढे ढकलली. आपण मरता मरता वाचलो आणि आठ वेळा रक्त चढवावे लागले, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. त्याच्याजवळ डॉक्टरांची फौज होती, कोट्यवधी रुपये होते. आपल्या काकांजवळ एक ऑटो आहे आणि त्यावर चालणारे पाच माणसांचे घर.

आपल्या देशातले उदाहरणही आहे. पंजाबचे कौर सिंग यांनी १९८० मध्ये दिल्लीत खुद्द अलीशी प्रदर्शनीय लढत केली, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. उतारवयात हृदयविकाराच्या उपचारासाठी त्यांना कर्ज काढावे लागले. टाळ्या वाजवणारे त्या दिवशी घरी निघून जातात. दवाखान्याचे बिल घरच्यांनाच भरावे लागते.

ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये ४० वर्षांनंतर खेळता येत नाही. या नियमामुळे सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या मेरी कोमलाही थांबावे लागले. हा नियम अपमान करण्यासाठी केलेला नाही, डोके वाचवण्यासाठी केलेला आहे.

मग जुन्या खेळाडूने घरी बसून राहावे का? मुळीच नाही. बसून राहणे हेही आजाराला बोलावणेच आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तेवढाच श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम प्रत्येक मोठ्या माणसाला हवा. बॉक्सिंगमधले पायांचे काम, हवेत ठोसे मारणे, हलक्या हाताने बॅगवर सराव, हे सारे पन्नाशीतही करता येते. अट एवढीच, की समोरून ठोसा येता कामा नये. अमेरिकेत २००६ पासून पार्किन्सनच्या रुग्णांना असाच बिनमाराचा बॉक्सिंग व्यायाम शिकवला जातो. तोल आणि चाल सुधारायला त्याची मदत होते.

सुरुवात करण्याआधी मात्र या गोष्टी कराव्यात :

• रक्तदाब आणि साखर तपासा. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. रक्तदाब १४० / ९० किंवा त्याच्या वर असेल तर आधी उपचार, मग व्यायाम.

• चाळिशीनंतर, आणि घरात कोणाला हृदयविकार असेल तर नक्कीच, डॉक्टरांना विचारून ईसीजी काढा.

• बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

• खर्रा, तंबाखू, दारू सोडा. व्यायामाच्या दिवशी तर हातही लावू नका.

• पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच व्यायाम करा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या.

खेळताना, भांडणात किंवा गाडीवरून पडून कोणाच्याही डोक्याला मार बसला, तर ही लक्षणे ओळखा : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, बोबडे बोलणे, एका हाता-पायातली ताकद जाणे, एक बाहुली मोठी दिसणे, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, उठवूनही नीट न उठणे. यातले एक जरी दिसले तरी १०८ वर फोन करा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीत इर्विन जवळ आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. चप्पल, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. मान न हलवता त्याला स्थिर ठेवा. उलटी होत असेल तर मान आधारून, डोके आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. लक्षणे नसली तरी पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नका. आणि ज्या पोराला ठोसा लागून क्षणभर जरी भान हरपले, त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर तो फार महागात पडतो.

त्या संध्याकाळी आम्ही काकांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरायले नाही कसं म्हणू?”

उत्तर काकूंनीच दिले. “नाही कायले म्हणता? शिकवतो म्हणा.”

तसेच ठरले. जयंतीच्या आठवड्यात एका पहाटे अमरावतीचे काका पहिल्या गाडीने आले. वस्तीतल्या मैदानावर दोघे जण हातात पॅड धरून उभे राहिले आणि वस्तीतली बावीस पोरे-पोरी ओळीने येऊन त्यांच्या पॅडवर ठोसे मारून गेली. मध्येच दोघांचा जुना वाद पेटला, दुसऱ्या लढतीत खरा जिंकला कोण म्हणून. पोरे हसून लोळली. त्याआधी दोघांनीही ईसीजी काढले होते. काकांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे, आणि मागच्या वेळी मोजला तेव्हा रक्तदाब १३८ / ८८ होता. खर्रा अजून पूर्ण सुटलेला नाही, पण दिवसाला एका पुडीवर आला आहे. तोही सुटेपर्यंत आम्ही काकांच्या मागे लागणार आहोत.

तुमच्याही वस्तीत असा एखादा जुना पैलवान, कबड्डीपटू किंवा बॉक्सर असेल. त्याला रिंगणात ढकलू नका. त्याला पोरांसमोर उभे करा, शिकवायला सांगा. आणि त्याआधी, हाताला धरून, त्याचा रक्तदाब मोजून आणा.