जुना नांगर, नवा ट्रॅक्टर

इंजिनिअरिंगचा मुलगा सुट्टीत घरी गेला की त्याला ठरलेली कामं मिळतात. मिक्सर बघ, पंखा बघ, नाहीतर मोटार पाणी का ओढत नाही ते बघ. गेल्या एप्रिलमध्ये मात्र तात्यांनी (माझे चुलते) जरा वेगळं काम काढलं. घरचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर विकून त्यांनी ५० एचपीचा सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला होता. जुना दोन फाळी नांगर गोठ्यामागं तसाच पडून होता. आमची बार्शीकडची काळी जमीन, वळवाआधी नांगरट उरकायची घाई, आणि नवा नांगर घ्यायला पैसे नाहीत. तात्यांचं म्हणणं सरळ होतं, "आरं, नांगराला काय कळतंय कुठला ट्रॅक्टर वढतोय ते?"

नांगराला कळतं. कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

ट्रॅक्टरच्या मागं तीन ठिकाणी अवजार जोडतात. खाली दोन दांडे, त्यांना लोअर लिंक म्हणतात, आणि वर मधोमध एक टॉप लिंक. तिन्हीला एकेक पिन. या जोडणीची मापं ठरलेली आहेत. लहान ट्रॅक्टरसाठी कॅटेगरी १: खालची पिन २२ मिमी, वरची १९ मिमी, खालच्या दोन टोकांमधलं अंतर ६८३ मिमी. मोठ्यासाठी कॅटेगरी २: खालची पिन २८, वरची २५ आणि अंतर ८२५ मिमी. आमचा नांगर एक नंबरचा, ट्रॅक्टर दोन नंबरचा. म्हणजे भोकं मोठी, पिना बारीक, आणि दोन्ही बाजूंना ७१-७१ मिमी कमी. त्यात भर म्हणजे सेकंडहँड ट्रॅक्टरबरोबर टॉप लिंक आलीच नव्हती!

गावातल्या वेल्डिंगवाल्यानं तासाभरात तोड काढली. पिनांवर पाइपचे तुकडे चढवले, दांडे पहारीनं आत दाबून बसवले, आणि टॉप लिंकच्या जागी जाड साखळी लावली. "वजनच पेलायचंय की, साखळी तुटती व्हय?" मलाही ते पटलं. लिफ्टचा लिव्हर ओढला, नांगर झकास उचलला गेला. तात्या खूश, मी खूश.

शेतात मात्र दहा-बारा पावलांतच कार्यक्रम झाला. फाळ जमिनीत घुसले, नांगराचा मागचा भाग वर उठला, आणि वरचा मस्तूल (ज्याला टॉप लिंक जोडतात तो उभा भाग) पुढं येऊन सीटच्या पाठीवर धाडकन आदळला. तात्या नेमके पुढचं चाक बघायला वाकले होते, म्हणून पाठ वाचली. सीटची पाठ चेपली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

रात्री अंगणात बसून कागदावर फ्री बॉडी डायग्राम काढला. सबमिशनसाठी असे कितीतरी काढलेत, पण गरज म्हणून काढलेला हा पहिला. नांगर हवेत असतो तेव्हा त्याचं वजन पिनांच्या मागं असतं. तो मागं कलंडू बघतो आणि टॉप लिंक त्याला ओढून धरते, म्हणजे ती ताणात असते. इथं साखळी चालते. पण नांगर घट्ट जमिनीत चालू लागला की माती फाळांना मागं रेटते. फाळ खालच्या पिनांच्याही खाली असतात, त्यामुळं नांगर उलट, म्हणजे पुढं कलंडू बघतो. आता टॉप लिंकला ओढायचं नसतं, ढकलून धरायचं असतं. म्हणजे ती दाबात जाते. आणि साखळी ढकलू शकत नाही! एकच दांडा, पण काम बदललं की बलाची दिशा बदलते. आम्ही फक्त उचलून बघितलं आणि पास करून टाकलं.

ही जोडणी जगभर रूढ झाली ती आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनमुळं. मॅसी फर्ग्युसन या नावातला फर्ग्युसन तो हाच. १९३८ मध्ये त्यानं हेन्री फोर्डशी हात मिळवून तोंडी करार केला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. त्याआधी नांगर बहुधा मागं नुसता ओढत नेत. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून घेतलेली असेल आणि नांगर दगडाला अडला, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटायचा धोका असे. तीन बिंदूंनी बांधलेला नांगर शेपटीसारखा ट्रॅक्टरचाच भाग होतो. ट्रॅक्टर मागं उलटायचा तर आधी ही शेपटी जमिनीत दाबली गेली पाहिजे. शिवाय टॉप लिंकमधला दाब वाढला की हायड्रॉलिक नांगर थोडा वर घेतं. आमच्या साखळीनं हे दोन्ही फायदे घालवले होते.

टीओएममधली फोर-बार चेन आठवते का? ट्रॅक्टर, लोअर लिंक, मस्तूल, टॉप लिंक, झाल्या चार कड्या! बाजूनं बघितलं तर वरची आणि खालची लिंक पुढं वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. तोच इन्स्टंटेनियस सेंटर. वरून बघितलं तर खालचे दोन दांडेही पुढं एकमेकांकडं झुकलेले असतात. त्यामुळं नांगर बाजूला सरकला की त्याचं तोंड वळतं आणि तो आपोआप मध्यावर येतो. आम्ही दांडे आत दाबले, ते समांतर होत गेले आणि हा गुण कमी झाला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. मग काम असं केलं:

१) नांगराचा आडवा शाफ्ट बदलला. ईएन-८ चा जाड बार लेथवर लावून टोकं २८ मिमी केली आणि दोन खांद्यांमधलं अंतर ८२५ मिमी ठेवलं. जुन्या पिनांना वेल्डिंगनं तुकडे जोडले नाहीत. अशा पोलादात वेल्डिंगशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि बरोबर तिथंच तुटतो.

२) टॉप लिंक खरेदी केली. तिच्या २५ मिमी भोकात आतून १९ मिमीचा बुश घातला. असे बुश स्पेअरच्या दुकानात तयार मिळतात.

३) ट्रॅक्टरचं डावं चाक नांगरटीच्या खोलीइतक्या जाड लाकडी ठोकळ्यावर चढवलं, कारण शेतात उजवं चाक तासात चालतं. मग उजवा लिफ्ट आर्म फिरवून नांगर जमिनीला समांतर केला.

४) टॉप लिंकनं टोक जुळवलं. लिंक आखूड केली की फाळाचं टोक खाली जातं, लांब केली की टाच टेकते. पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ जात असेल तर लिंक थोडी लांब करायची.

५) बाजूच्या साखळ्या नांगरताना थोड्या सैल ठेवल्या. नांगर उचलल्यावर दांडे टायरला घासू नयेत एवढ्याच.

६) तरी पहिला फाळ जास्त रुंद माती घेत होता, कारण या ट्रॅक्टरची मागची चाकं जास्त फाकलेली होती. रिम उलटून ती आत घेतली.

आणि एक नियम मी घरी भिंतीवर खडूनं लिहिला: जोडताना नांगर जमिनीवर, इंजिन बंद, आणि लिव्हरवर कुणाचा हात असेल तर ट्रॅक्टर-नांगराच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. लिंच पिन हरवली तर खिळा ठोकायचा नाही, नवी आणायची. ती काही रुपयांचीच असते.

मे महिन्यात सगळी नांगरट त्याच जुन्या नांगरानं झाली. ढेकळं छान निघाली. तात्या शेजाऱ्याला सांगत होते, "पोरगं शिकतंय, वाया न्हाई गेलं." साखळी मलाही पटली होती, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कॉलेजला परत आल्यावर व्हायवाला सरांनी विचारलं, "फोर-बार चेनचं एक प्रत्यक्ष उदाहरण सांग." मी पाच मिनिटं बोलत होतो. सर शेवटी म्हणाले, "बस, बस, पुढच्याला पाठव!" मित्रांनो, सीटची ती चेपलेली पाठ अजून तशीच आहे. तात्या दुरुस्त करू देत नाहीत. म्हणतात, राहू दे, आठवण राहील.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी