भीती नखाची, धोका कातडीला

घरी नखं रंगवत बसलेल्या मुलीला आई, मावशी किंवा शेजारच्या काकू जे ऐकवतात, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: सारखं नेलपेंट लावू नकोस, नखांनाही श्वास घेऊ दे. सल्ला मायेचा आहे, पण त्यामागचं शरीरशास्त्र चुकलेलं आहे. नख श्वास घेत नाही. आपल्याला दिसतो तो नखाचा कडक पापुद्रा केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. या पेशी तयार होतात नखाच्या मुळाशी, कातडीखाली दडलेल्या मॅट्रिक्समध्ये, आणि तिथे लागणारा प्राणवायू रक्तातून येतो, हवेतून नाही. याचा पुरावा हवा असेल तर मेंदीने रंगलेलं नख पाहावं. तळहातावरची मेंदी एक-दोन आठवड्यांत फिकट होते, कारण तिथली कातडी झडून नवी येते. नखावरची मेंदी मात्र जागची हलत नाही. मुळाशी न रंगलेल्या नखाची चंद्रकोर दिसू लागते, ती वाढत जाते आणि रंगलेला भाग टोकाकडे ढकलला जातो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे ते पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात. पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष. या पापुद्र्याला ना श्वास, ना वेदना, ना स्वतःची डागडुजी करण्याची सोय. घरच्या नेल आर्टबद्दलच्या आपल्या बहुतेक काळज्या नेमक्या या मृत भागाभोवती फिरतात. जिथे खरोखर काही जिवंत आहे, म्हणजे नखाचं मूळ, कडेची कातडी आणि बोटांची टोकं, तिथे मात्र आपण बिनधास्त असतो.

यावर लगेच प्रश्न येतो: मग महिनाभर नेलपेंट न लावता राहिलं की नखं सुधारलेली का दिसतात? दिसतात हे खरंच आहे, पण कारण वेगळं आहे. त्या महिन्यात नखाला हवा जास्त मिळाली असं झालेलं नसतं. रिमूव्हर, कानस आणि खरवडणं यांतून त्याची सुटका झालेली असते. अ‍ॅसिटोन रंगाबरोबर नखातलं तेल आणि ओलावाही ओढून घेतं. एकावर एक रंग चढवत महिना-दीड महिना तसेच ठेवले आणि मग पुसले, तर नखाच्या वरच्या थराचे कण निघून पांढरे खरखरीत चट्टे उठतात. अनेकांना ती बुरशी वाटते. गडद लाल रंगाखालून निघालेलं पिवळट नखही बहुतेक वेळा आजारी नसतं. रंगद्रव्य केराटिनमध्ये मुरलेलं असतं, आणि खाली बेस कोटचा एक थर असता तर ते मुरलं नसतं. पिवळेपणा रंग न लावताही नव्याने उगवणाऱ्या भागात येत असेल, नख जाड होऊन सुटत असेल, तर मात्र ते त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ रिमूव्हरलाही सौम्यपणाचा दाखला समजू नये. त्यात बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट असतं, ते सावकाश काम करतं आणि त्या नादात नख जास्त वेळ घासलं जातं.

नखावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचीही अशीच गोष्ट. पूर्वी आकाशात बगळ्यांची माळ दिसली की मुलं नखांवर नखं घासून बगळ्यांकडे हे ठिपके मागायची. आता ठिपका दिसला की घरात कॅल्शियमच्या गोळ्या येतात. दोन्हींचा त्या ठिपक्याशी सारखाच संबंध आहे. नखात कॅल्शियम अगदी थोडं असतं आणि नखाचा कडकपणा येतो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. सुटा पांढरा ठिपका म्हणजे बहुधा मुळाला काही आठवड्यांपूर्वी बसलेला आणि आपण विसरलेला छोटा मार. आणि नेल आर्ट करणाऱ्यांच्या बाबतीत तो मार अनेकदा त्यांनीच दिलेला असतो, क्युटिकल मागे रेटताना.

नख मृत आहे, पण ते काचेसारखं बंद नाही. कातडीपेक्षा नखातून पाणी सहज आरपार जातं. पाण्यात नख फुगतं, सुकलं की आकसतं, आणि त्यावरचा रंगाचा थर काही तेवढा ताणला जात नाही. म्हणून कडा उचकटतात. पार्लरमध्ये कोमट पाण्यात हात बुडवून मग रंग लावतात, म्हणून घरीही तसंच करावं, हा समज इथे उलटा पडतो. ओल्या, फुगलेल्या नखावर लावलेला रंग नख आकसताच सैल होतो. कोरड्या नखावरून चिमूटभर कापसाने रिमूव्हर फिरवून तेलकटपणा घालवावा, मग बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात आणि टॉप कोट. टॉप कोटचा कुंचला नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवावा, कारण रंग उखडायला सुरुवात तिथूनच होते. एक जाड हात लावून तो बर्फाच्या पाण्यात बुडवण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे. नेलपेंट सुकतं ते त्यातले द्रावक उडून गेल्यामुळे, आणि थंडीत ते अधिक सावकाश उडतात. गार पाण्याने वरची साय घट्ट झाल्यासारखी वाटते, खालचा थर मऊच असतो, आणि तासाभराने पांघरुणाची जाळी नखावर उमटते. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हरचे थेंब घालणंही टाळावं. रंग पातळ होतो, पण त्याचा थर ठिसूळ बसतो. त्यासाठी मिळणारा थिनर हा मूळ द्रावकांचाच बनलेला असतो.

महागडं किट नसेल तर नक्षी जमत नाही, या समजाला फार वेळ देण्याचं कारण नाही. केसांच्या आकड्याचं गोल टोक, टूथपिक, भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा आणि सेलोटेप एवढ्यावर ठिपके, फुलं, दुरंगी छटा आणि सरळ पट्टे निघतात. ठिपका गोल येण्याचं गुपितही साधं आहे: रंगाचा थेंब प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घ्यायचा, आकडा त्यात उभा टेकवायचा आणि नखावरही उभाच टेकवून सरळ वर उचलायचा, तिरका धरला की शेपूट येतं. स्टॅम्पिंग मात्र साध्या नेलपेंटने नीट उठत नाही. तिथे दाट रंगद्रव्याचं खास पॉलिश लागतं, आणि पहिल्या प्रयत्नात हात वाईट नसून बाटली चुकीची असते. आणखी एक गोष्ट या छंदात सहसा कोणी सांगत नाही. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरते. पणत्यांच्या शेजारी, देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा ओट्यावर गॅस चालू असताना रिमूव्हरची बाटली उघडणं हा धोका श्वास न घेणाऱ्या नखापेक्षा कितीतरी खरा आहे.

आता खऱ्या वादाच्या जागेकडे येऊ. साध्या नेलपेंटची इतकी काळजी करणारी घरं जेलच्या किटबद्दल निश्चिंत असतात. छोटा दिवा, सहा बाटल्या, आणि पार्लरचा खर्च वाचतो. पण या दोन वस्तूंत नावापुरतंच साम्य आहे. साधं नेलपेंट सुकतं तेव्हा द्रावक उडून नायट्रोसेल्युलोजचा थर मागे राहतो. रिमूव्हर लावला की तो पुन्हा विरघळतो. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट वर्गातले छोटे रेणू असतात, ते दिव्याच्या प्रकाशात एकमेकांना जोडले जाऊन नखावरच प्लॅस्टिक तयार होतं. जोडले गेल्यावर ते बहुतांशी निरुपद्रवी असतात, पण जोडण्याआधी कातडीत शिरले तर शरीर त्यांना कायमचं शत्रू ठरवू शकतं. हेमा या संक्षिप्त नावाने ओळखलं जाणारं मेथाक्रिलेट यात सर्वांत बदनाम आहे. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, नख सुटणं, कधी हात लागल्यामुळे पापण्यांवर पुरळ, अशी ही अ‍ॅलर्जी दिसते. एकदा जडली की ती सहसा जात नाही, आणि याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, सांधे बसवण्याच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीत असल्यामुळे प्रकरण नखापुरतं राहत नाही. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के लोकांना किमान एका मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी आढळली होती. हे आधीच त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेले रुग्ण होते, सरसकट लोकसंख्या नव्हे. तरीही संघटनेने घरगुती किटबद्दल मुद्दाम सावध केलं होतं. युरोपीय संघाने तर २०२१ पासून नखांच्या उत्पादनांतलं हेमा फक्त व्यावसायिक वापरापुरतं मर्यादित केलं.

पार्लरमध्येही तेच जेल असतं, मग घरीच काय बिघडतं, असा आक्षेप रास्त आहे. पार्लर सुरक्षित असतं असा माझा दावा नाही. तिथल्या कामगारांना ही अ‍ॅलर्जी ग्राहकांपेक्षा जास्त गाठते. घरची अडचण अशी की आपल्याच डाव्या हाताने उजव्या हाताची नखं रंगवताना जेल हमखास कातडीवर जातं, ते तसंच ठेवून हात दिव्याखाली घातला जातो, आणि दिवा एका किटमधला तर जेल दुसऱ्याच कंपनीचं असतं. प्रत्येक जेलला ठरावीक तरंगलांबीचा आणि ताकदीचा प्रकाश ठरावीक वेळ लागतो. तो कमी पडला तरी वरचा थर चकचकीत आणि टणक दिसतो, आतले रेणू मात्र सुटे राहतात. डोळ्यांना कळण्याचा काहीच मार्ग नाही. म्हणून ज्या बाटलीवर घटकांची यादी नाही, आयातदाराचं नाव-पत्ता नाही, ती घेऊच नये. परदेशातून आणलेल्या सौंदर्यप्रसाधनांची भारतात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी व्हावी लागते.

जेलबद्दल उलट्या दिशेचे गैरसमजही आहेत. ‘युरोपने जेलवर बंदी घातली’ ही मोबाइलवर फिरणारी बातमी अर्धीच खरी आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे बंदी आली ती टीपीओ या एका घटकावर, जो प्रकाश पडताच जोडणीची प्रक्रिया सुरू करतो; टीपीओशिवायची जेलं तिथे विकली जातातच. दिव्याने कर्करोग होतो हेही आज ठामपणे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर असा प्रकाश टाकला, तेव्हा वीस मिनिटांच्या एका सत्रात २० ते ३० टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांत डीएनएची हानी दिसली. पण बशीतल्या उघड्या पेशी आणि कातडीचं कवच असलेला हात एकच नव्हेत, शिवाय एका बैठकीत हात काही मिनिटंच दिव्याखाली असतो. शंका आहे, निकाल नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सुचवते ते सनस्क्रीन किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे वापरणं त्यावर पुरेसं शहाणपणाचं आहे.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप साध्या नेलपेंटकडूनच येतो. २०१५ मध्ये अमेरिकेत २६ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात नेलपेंट लावल्यावर दहा ते चौदा तासांनी त्यांच्या लघवीत ट्रायफिनाइल फॉस्फेट या घटकापासून शरीरात तयार होणारा अंश जवळपास सातपट वाढलेला आढळला. मग नख मृत असून उपयोग काय? या अभ्यासाचा दुसरा भाग इथे महत्त्वाचा आहे. हातमोजे घालून त्यावर चिकटवलेल्या खोट्या नखांना तेच नेलपेंट लावलं, तेव्हा अशी वाढ दिसली नाही. म्हणजे घटक मुख्यतः नाकातून गेला नव्हता, बोटातून गेला होता. त्यातून नुकसान किती होतं हे या अभ्यासाने दाखवलेलं नाही, पण वाट दाखवली. रंग कडेच्या कातडीवर सांडू न देणं, सांडल्यास ओला असतानाच काडीने पुसणं आणि बेस कोट न टाळणं या गोष्टी त्यामुळे केवळ नेटकेपणाच्या राहत नाहीत. ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ या बाटलीवरच्या शब्दांवर फार विसंबू नये. त्यांची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही आणि कोणते पाच वगळले हे कंपनीच ठरवते.

क्युटिकल कापल्याने नख लांब आणि सुबक दिसतं, हे बरोबर आहे. पण कापलं जातं ते नख आणि कातडी यांच्यामधलं झाकण. तिथून जंतू शिरले की नखाच्या कडेला सूज येऊन पू होतो, आणि कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या सतत ओल्या हातांना हा त्रास लवकर होतो. खोटी नखं चिकटवायला घरातलं फेविक्विक चालतं, कारण नेल ग्लूही त्याच सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो, हा तर्क ऐकायला बिनतोड आहे. पण दोन्हींची प्रत आणि घट्टपणा वेगळा असतो, आणि दोन्हींत एक खोड समान आहे: सुती कापड किंवा कापूस लागला की हा गोंद झपाट्याने तापतो आणि भाजू शकतो. मांडीवर सुती ओढणी पसरून त्यावर हा उद्योग करू नये, आणि सांडलेला थेंब कापसाने टिपू नये.

शेवटी जेल काढण्याविषयी, कारण ‘जेलने नखं पातळ झाली’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच जन्मते. एक कोपरा उचकटला की बोटं आपोआप त्याखाली जातात आणि पट्टी सोलल्यासारखा थर निघतो. त्याला चिकटून नखाचेही थर येतात. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या वस्तूला हे परवडणारं नाही. वरची चकाकी कानशीने हलकेच घालवावी, कडेच्या कातडीला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावं, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइलने दहा-पंधरा मिनिटं गुंडाळावं आणि मग लाकडी काडीने सैल झालेला थर सरकवावा. सरकत नसेल तर पुन्हा पाच मिनिटं गुंडाळावं, जोर लावू नये.