चोर बाजारातला ‘शंभर वर्षांचा’ फोनो

मुंबईला चार दिवस जाऊन आलेला माणूस चोर बाजारात डोकावला असेल, तर एक वाक्य हमखास ऐकवतो : ‘शंभर वर्षांपूर्वीचा फोनो मिळाला, अस्सल एचएमव्ही, आणि त्या बिचाऱ्याला किंमतच माहीत नव्हती!’ मग मोबाइलवरचा फोटो. चकचकीत पितळी कर्णा, षट्कोनी लाकडी पेटी, समोर कुत्र्याचं चित्र.

आधी त्या ‘बिचाऱ्या’बद्दल. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या कित्येक घरांच्या पिढ्या याच धंद्यात गेल्या. सिनेमाच्या सेटवरची झुंबरं, टेलिफोन, टाइपरायटर इथून भाड्याने जातात. इंटीरिअर डेकोरेटरांची इथे सतत ये-जा असते. अशा दुकानदाराला स्वतःच्या मालाची किंमत कळत नाही, आणि पहिल्यांदाच आलेल्या आपल्याला मात्र ती बघताक्षणी कळते? वस्तू स्वस्तात मिळाली असेल, तर बहुधा ती तेवढ्याच किमतीची होती.

आता फोनो. गंमत म्हणजे तो पूर्ण खोटाही नसतो. आतली चावीची मोटर आणि साउंडबॉक्स बऱ्याचदा खरोखरच जुने असतात, पण ते 1930-40च्या सुमाराच्या एखाद्या मोडक्या, सुटकेससारख्या पोर्टेबल यंत्रातून काढलेले. त्या यंत्राला बाहेर कर्णा नव्हताच. पेटी नवी, कर्णा नवा, त्याला जोडणारी जाडजूड वाकडी नळी नवी. असे जोडकाम केलेले फोनो भारतातून परदेशातही इतके गेले आहेत की तिकडच्या संग्राहकांनी त्यांना एक शेलकं टोपणनाव ठेवलं आहे.

ओळखायचं कसं? स्क्रू बघा. चौफुलीसारखी खाच असलेला स्क्रू 1930च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आला. 1910च्या म्हणून दाखवलेल्या पेटीत तो दिसला तर पुढचं बोलणंच नको. मग कर्णा बघा. पितळ चकाकतं म्हणून जुनं ठरत नाही. त्या काळचे बरेच कर्णे रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे होते. उलट पितळ हिरवट-काळं पडलं म्हणूनही ते जुनं नव्हे, रसायनाने ते काम लवकर होतं. आणि कुत्रा? एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीने ते चित्र 1899मध्ये विकत घेतलं, पण तिच्या तबकड्यांच्या लेबलवर ते 1909पासून आलं. आज ते कोणीही छापून कशावरही चिकटवू शकतं. कुत्रा हा पुरावा नाही. नाही म्हणजे नाही!

एवढं करून फोनो घरी आणलात, तर त्यावर आशाताईंची एल.पी. लावू नका. ही यंत्रं लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी होती. एल.पी. आली 1948मध्ये, आणि पोलादी जड सुई तिचे चर खरवडून काढते.

अशीच फसगत भिंतीवरच्या चित्रांची. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या शिळाछाप चित्रांच्या नव्या प्रती जुन्या चौकटीत बसवून विकायला असतात. चौकट जुनी, काच डागाळलेली, म्हणून चित्रही जुनं असं आपण धरून चालतो. खिशात साधं भिंग ठेवा. शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे दिसतात. आजच्या छपाईत ते एकसारख्या रांगांत, फुलांसारखे गुंफलेले असतात.

बाकीचे समज थोडक्यात. 1818 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि रामदरबार असलेलं नाणं लाखोंचं आहे? असं नाणं कंपनीने पाडलंच नव्हतं; तिची देशभर एकसारखी नाणी 1835पासून सुरू झाली. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनेही 2021मध्ये जाहीर केलं आहे.

इथला सगळा माल चोरीचा? नाही, मोडीत निघालेली घरं, बंद पडलेल्या कचेऱ्या आणि भंगारवाले यांच्याकडून बराच माल येतो. पण ‘बाजारातून घेतलं म्हणजे आपलं झालं’ हेही खोटं. 1930च्या माल विक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडे नसलेली मालकी सहसा घेणाऱ्याकडे येत नाही, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317खाली गुन्हा आहे. जुना मोबाइल घेताना KYM लिहून पुढे आयएमईआय क्रमांक टाका आणि 14422वर एसएमएस पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

जुने कपडे मेलेल्या माणसांचे असतात? आपणच बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात दिलेले कपडे कुठे जातात असं वाटतं? साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवा, कडक इस्त्री करा, घाला.

शुक्रवारी बाजार बंद? मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावरचा बाजार भरतो.

अमेरिकेतल्या भाच्यासाठी ‘अँटिक’ घ्यायचं असेल, तर मात्र जपून. 1972च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं, आणि ते देशाबाहेर नेण्याची खासगी माणसाला मुभा नाही. वस्तू नुसती जुनी दिसत असली तरी विमानतळावर अडू शकते. ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, ‘हे नवीन बनवलंय का?’ आणि जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर आवडल्या वस्तूची शोभेपुरती किंमत द्या, वयाची देऊ नका.